तसबिरीतल्या मुठीची मोहीम

अक्कासाहेबांचे सेवेसी, त्यांच्या धाकट्या भगिनीचे यजमान, अर्थात या घराण्याचे धाकटे जावई, हात जोडोन लिहितात ऐसे की, आपण तापाने अंथरूण धरिलेत, सबब स्टुडिओच्या ऐंशीव्या वर्षाच्या जलशास आपले येणे जाहले नाही, आणि मागाहून फोनवरून हुकूम आला की आत्यासाहेब व काकासाहेब यांजमध्ये जे तुंबळ मातले त्याची साद्यंत हकीकत, पदरचे तिखटमीठ न लावता, लिहोन रवाना करावी. हुकूम शिरसावंद्य. तिखटमिठाविषयी मात्र हमी देववत नाही. या घराण्यात जावयास मसलतीस कोणी बोलावीत नाही, खुर्च्या हलविण्यास मात्र पहिला पुकारा त्याचाच होतो. परंतु जो खुर्च्या हलवितो तो हरेक दालनात हजर असतो आणि त्याजपुढे लोक खुशाल बोलतात, म्हणोन ही हकीकत आमच्याइतकी दुसऱ्या कोणास ठाऊक नाही.

पूर्वपीठिका आपणांस अवगत आहेच, तरी बखरीत ती लागते म्हणोन लिहितो. घराण्याचे मूळपुरुष आपले आजेसाहेब, पेशाने फोटोग्राफर. औषधांच्या दुकानाशेजारी, चपला दुरुस्त करणाऱ्याच्या समोर, त्यांनी स्टुडिओ मांडिला, आणि तळे व जिना रंगविलेला पडदा टांगिला, आणि तीन पायांचा लाकडी कॅमेरा उभा केला, आणि मग गावच्या यच्चयावत नवरानवरींनी त्यापुढे श्वास रोखोन उभे राहावे ऐसा दरारा बसविला. त्यांस तीन अपत्ये. थोरल्या आत्यासाहेब, ज्या स्टुडिओच्या माडीवर एकट्या राहतात आणि त्या मुलखाची किल्ली कमरेस बाळगितात. मधले आमचे सासरेबुवा, जे आता नाहीत. आणि धाकटे काकासाहेब. काकासाहेबांनी जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नोंदणी कचेरीत उभी हयात घालविली, आणि शिक्का मारण्याची सवय हाडीमाशी ऐशी खिळली की निवृत्तीउपरि किराणा मालाच्या यादीवरही ते तारखेचा शिक्का मारू लागले, सबब खासोआम त्यांस शिक्केकाका म्हणतात. स्टुडिओची गादी हल्ली आपल्या भगिनीकडे, म्हणजे आमच्या कुटुंबाकडे. त्यांस यापुढे सरकार म्हणोन लिहितो, कारण घरात तोच शब्द चालतो.

स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर आजेसाहेब व आजीसाहेब यांच्या लग्नाची तसबीर आहे. आजेसाहेब ताठ उभे, आजीसाहेब बाकावर बसलेल्या, हाती फुलांचा गुच्छ. त्या जमान्यातील नवऱ्या फोटोत दाढ दुखत असल्यासारख्या गंभीर बसत, परंतु आजीसाहेब मान खाली घालोन खदखदा हसताहेत. नवरी लाजरी होती, लाजेने खाली पाहून हसली, ऐसे गिऱ्हाइकांस पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यात आले, आणि असा हसरा फोटो आम्हांसही हवा म्हणोन गिऱ्हाईक लोटले. तसबिरीविषयी आजेसाहेबांचे कायमचे फर्मान होते की काच बाहेरून पुसावी, आतून कोणी उघडू नये, हवा लागली तर फोटो उडेल. ते फर्मान त्यांच्या पश्चातही कोणी मोडिले नाही.

आणखी एक चाल या घराण्याची लिहिणे जरूर. कोणीही फोटो घेऊ लागला, मग तो स्टुडिओत असो वा मोबाइलवर असो, की समोरची सारी मंडळी एका सुरात "झाकण?" म्हणोन गर्जना करितात, आणि फोटो घेणाराने "काढलं!" म्हणावे, आणि मग सर्वांनी हसावे, आणि त्या हसण्यावर बटण दाबावे. मोबाइलास झाकण नसते हे सर्वांस मालूम आहे, तरी गर्जना चुकत नाही. साखरपुड्यास आम्ही ती पहिल्याने ऐकिली तेव्हा दूध उतू चालले असावे ऐशा समजुतीने स्वयंपाकघराकडे धावलो, आणि परतोन आलो तो फोटो निघोन चुकला होता. ही चाल कोणी पाडिली ऐसे पुसता उत्तर येते की पहिल्यापासून आहे, लोक हसावे म्हणोन असेल.

ऐसियास, ऐंशीव्या वर्षाच्या जलशानिमित्त सरकारांनी मनसुबा केला की घराण्याचा वंशवृक्ष मोठ्या कागदावर रंगवून भिंतीस लावावा, आणि प्रत्येकाचे जन्म व लग्न यांच्या तारखा लिहोन खाली त्याच्या पराक्रमाची एक ओळ द्यावी. ओळ ज्याने त्याने कळवावी. सासरेबुवांपुढे सरकारांनीच लिहिले की पासपोर्टच्या फोटोतही माणसे हसविणारे, सबब ज्यांचे फोटो कचेरीतून परत येत. आमच्यापुढे नुसते जावई इतकेच आले. आणि मग आत्यासाहेबांनी माडीवरून आपली ओळ सांगोन पाठविली: आईवडिलांच्या लग्नास जातीने हजर.

तारखा जुळविण्याचे काम शिक्केकाकांकडे होते. त्यांनी ती ओळ वाचिली, आणि चष्मा पुसोन पुन्हा वाचिली, आणि मग पेटीतून दोन दाखले काढोन रणांगणी आले. एक लग्नाचा, दुसरा आत्यासाहेबांच्या जन्माचा. लग्न आधी, जन्म वर्षाउपरि. दोन्हीवर शिक्के ठसठशीत.

काकासाहेब म्हणाले, "ताई, लग्नाची नोंद आधीची, तुझी नंतरची. जन्माला यायच्या आधी तू तिथे पोचलीस कशी?"

आत्यासाहेबांनी उत्तर केले, "तुला काय ठाऊक? तू तर अजून यायचाच होतास."

येथून युद्धास तोंड लागले. आत्यासाहेबांची जबानी ऐशी की आपण बसलो होतो ती फरशी थंडगार होती, वरून आई हसत होती, गुच्छातले एक फूल आपण तोंडात घातले आणि ते खळीसारखे लागले. पुरावा विचारिला तेव्हा त्यांनी तसबिरीवर बोट ठेविले. गुच्छाच्या अगदी खाली, जेथे फोटो संपोन पुठ्ठ्याची चौकट सुरू होते, तेथे काहीतरी गोरे, गोल, वाटाण्याएवढे दिसते. ती मूठ आहे आणि ती माझी आहे, ऐसे आत्यासाहेबांचे म्हणणे. तो देठांचा जुडगा आहे, ऐसे काकासाहेबांचे म्हणणे. मग भिंग आणविले, आणि घराणे दोन तटांत फुटले, मूठवाले आणि देठवाले, आणि काकू, ज्या संसारभर काकासाहेबांचे शिक्के पाहोन कावल्या होत्या, त्या उघड मूठवाल्यांस जाऊन मिळाल्या. आम्हांस कौल विचारिला तेव्हा आम्ही खुर्ची उचलोन दुसऱ्या दालनात गेलो. काकासाहेबांनी आणखी तोफ डागिली की लग्नातला गुच्छ ताज्या फुलांचा असतो, ताजे फूल खळीसारखे लागत नाही, सबब सारी जबानी मनाची, आणि ताईंस हल्ली विसर पडतो हे सर्वांस ठाऊक आहे.

हा शेवटचा वार वर्मी लागला. कारण शिक्केकाकांचे पोटात दुसरीच काळजी होती, जी तोंडावाटे धड निघत नसे. आत्यासाहेबांनी एकदा दूध करपविले, एकदा छत्री औषधांच्या दुकानात विसरल्या, आणि एकदा सरकारांस आई म्हणोन हाक मारिली. तेव्हापासून काकासाहेबांची झोप उडाली होती, आणि ताईंनी माडी सोडोन, किल्ली देऊन, आमच्या मागल्या खोलीत यावे हा लकडा त्यांनी लाविला होता. मनुष्य वाईट नव्हे. माया त्यास दाखल्याखेरीज दाखविता येत नाही इतकेच.

मग तह असा ठरला की वंशवृक्षावरील ओळ खोटी ठरल्यास आत्यासाहेबांनी किल्ली काकासाहेबांचे हाती द्यावी आणि बोचके बांधावे. खरी ठरल्यास काकासाहेबांनी ती ओळ स्वहस्ते लिहोन खाली शिक्का मारावा आणि मागल्या खोलीचा विषय जन्मात काढू नये. दोघांनी मान्य केले. दोघेही एकाच बापाची लेकरे, माघार कोणासच ठाऊक नाही.

त्या दिवशी आम्ही जिन्याखाली घडीच्या खुर्च्या रचीत होतो, आणि वर पायरीवर आत्यासाहेब सरकारांपाशी बसल्या होत्या, सबब जे कानी आले ते जसेच्या तसे लिहितो. आत्यासाहेब म्हणाल्या, "अगं, लोक म्हणतात विसरतेस, तर विसरतही असेन. छत्री गेली, दूध गेलं, जाऊ दे. पण हे मला आठवतंय. हे जर झालंच नसेल, तर आईचं ते हसणं तरी खरं कशावरून? तेही मीच मनानं रचलं असेल. मग माझ्याजवळ राहिलं काय?"

सरकारांनी त्यांचा हात हाती घेतला. आमच्या हातची खुर्ची हातातच राहिली. या घराण्याची थट्टा करण्यात आमची हयात गेली, परंतु त्या घडीस आम्हांस थट्टा सुचली नाही, वाईटच वाटले. किल्ली आणि माडी हे निमित्त. म्हातारीची आई तिच्यापाशी राहते की जाते, यासाठी ही लढाई होती.

दुसरे दिवशी सरकारांनी हुकूम सोडिला की तसबीर उघडावी. शिक्केकाकांनी आजेसाहेबांच्या फर्मानाची याद दिली. त्यावर आत्यासाहेबांनी, आपण सर्वांत वडील असल्याचा अधिकार चालवोन, ते फर्मान रद्द केले. मग शेजारचा फ्रेमवाला पकड व पातळ सुरी घेऊन नामजाद जाहला. त्याने प्रथमच बजाविले की खिळे जुने आहेत, काच गेली तर मला बोलायचं नाही. मग तसबीर काउंटरवर पालथी घातली, आणि एकेक खिळा कुरकुरत बाहेर आला, आणि मागची फळी निघाली, आणि मग त्याने सुरीने पुठ्ठ्याची चौकट अल्लद सोडविली, आणि फोटो उलथा करोन प्रकाशात धरिला.

गुच्छाखाली, आजीसाहेबांच्या पायांशी, फरशीवर, तीनेक वर्षांची एक पोर फतकल मारून बसली होती. एका मुठीत गुच्छाची शेपटी, तोंडात आख्खे फूल, आणि डोळे थेट कॅमेऱ्याकडे, जणू ही फत्ते कोणाच्या बापाची नव्हे. नाक आत्यासाहेबांचे. कपाळ आत्यासाहेबांचे. हट्ट तर आत्यासाहेबांचाच.

मूठवाल्यांच्या गोटात एकच जल्लोष उसळला. काकूंनी टाळी वाजविली. सरकारांनी आत्यासाहेबांस मिठी मारिली. फ्रेमवाल्यासही, त्यास प्रकरण काही ठाऊक नसता, आनंद जाहला. आणि मग हळूहळू एकेकाच्या ध्यानात आले की आता दुसरेच संकट उभे राहिले आहे, कारण लग्नाच्या फोटोत तीन वर्षांची लेक असेल तर लग्न लेकीनंतरचे ठरते, आणि मग कचेरीतली नोंद खोटी ठरते, आणि नोंद खोटी ठरली तर आजीसाहेब व आजेसाहेब यांनी जगास काय सांगितले आणि का सांगितले, ऐसा प्रश्न सर्वांचे मनात येऊन कोणाचे ओठांवर येईना.

तेव्हा काकू म्हणाल्या, "झालं असेल तसं तर झालं असेल. आता कुणाला नोटीस पाठवणार?"

शिक्केकाका मात्र पासपोर्टच्या फोटोसाठी ठेविलेल्या उंच स्टुलावर जाऊन बसले, पाय अधांतरी, हात मांडीवर, आणि चेहरा ऐसा उतरला की कोणी त्या क्षणी फोटो काढिला असता तर कचेरीने तो बिनतक्रार स्वीकारिला असता. ते पुटपुटले, "आयुष्यभर लोकांना सांगत आलो, नोंद खोटं बोलत नाही. माझ्याच आईबापाची नोंद..."

आता येथे आत्यासाहेबांची थोरवी लिहिणे आहे. किल्ला शाबूत, शत्रू चीत, तहाप्रमाणे ओळ लिहवून घ्यावी आणि माडीवर जाऊन सुखाने चहा प्यावा, इतकेच उरले होते. परंतु त्यांनी तसबिरीकडे पाठ केली, आणि स्टुलापाशी गेल्या, आणि धाकट्या भावाचे गुडघ्यावर हात ठेविला. म्हणाल्या, "असा काय बसलास रे? मी खरी ठरायला आई खोटी ठरायला नको होती मला. चल वर. बाबांच्या काचा आहेत अजून."

आणि मग त्यांनी ती किल्ली, जीवरून इतके रण माजले, स्वहस्ते कमरेची काढिली, आणि सारी फौज, फ्रेमवाल्यासह, माडी चढोन गेली. वर जी आतली खोली, ती पूर्वी आजेसाहेबांची डार्करूम. खिडकीच्या तावदानांस काळा रंग, फळ्यांवर चिनी मातीची तबके, ज्यांत हल्ली आत्यासाहेब कांदेबटाटे ठेवितात. कोपऱ्यात फोटोच्या काचांच्या, म्हणजे त्या जमान्यातील काचेच्या निगेटिव्हांच्या, लाकडी पेट्या, खाचाखाचांतून एकेक काच उभी. आजेसाहेबांचा शिरस्ता असा होता की फोटो ज्या दिवशी घेतला त्या दिवसाची तारीख ते सुईने काचेच्या कोपऱ्यात कोरीत, म्हणजे गिऱ्हाईक कितीही वर्षांनी आले तरी त्याचा फोटो पुन्हा छापोन देता यावा. या पेट्या रद्दीवाल्यास देऊन खोली मोकळी करावी ही सूचना शिक्केकाकांनी मागेच केली होती, आणि आत्यासाहेबांनी ती कानाआड केली होती. आई फेकू नको म्हणाली होती, एवढेच कारण त्यांनी त्या वेळी दिले, आणि तेही कोणी मनावर घेतले नव्हते.

घरचे, ऐसा शब्द लिहिलेल्या पेटीत अगदी मागल्या खाचेत फ्लॅनेलच्या एकाच फडक्यात दोन काचा निघाल्या. सरकारांनी खिडकी उघडिली आणि पहिली उजेडास धरिली. तोच फोटो, उलटा, काळ्या चेहऱ्यांचा, पांढऱ्या केसांचा, आणि पायाशी पोर पुरी. कोपऱ्यात सुईने कोरलेली तारीख, आणि तारीख लग्नाच्या दाखल्यानंतर चार वर्षांची. शिक्केकाका स्टुलावरचे उतरोन आले होते ते पुढे सरसावले. मग सरकारांनी दुसरी काच धरिली. दुसरीवर काहीच नाही. स्वच्छ काच, पलीकडे चपला दुरुस्त करणारा बसलेला दिसे.

फ्रेमवाला म्हणाला, "साधी काच आहे. ठेवा, एखाद्या फ्रेमला लागेल."

परंतु सरकारांनी ती काच डोळ्यांशी नेली, आणि कोपरा पाहिला, आणि मग काकासाहेबांकडे दिली. कोपऱ्यात सुईने तारीख कोरिली होती, आणि ती दाखल्यावरील लग्नाची तारीख, दिवस, महिना, साल, तंतोतंत तीच होती. काकासाहेबांनी खिशातला दाखला काढोन ताडून पाहिली. मग पुन्हा पाहिली.

त्याउपरि सरकारांनी समजावोन सांगितले ते ऐसे: ही साधी काच नव्हे. ही रीतसर धुतलेली, पक्की केलेली फोटोची काच आहे, आणि ती अशी कोरी तेव्हाच निघते जेव्हा तिजपर्यंत उजेड मुळी पोचतच नाही. म्हणजे लग्नाच्या दिवशी फोटो घेतला खरा, पण आला नाही. आणि चौथ्या वर्षी नवराबायकोने तेच कपडे चढवोन, ताजी फुले नव्हती म्हणोन स्टुडिओतल्या सामानातला कागदी फुलांचा गुच्छ हाती घेऊन, पुन्हा फोटो काढविला. कागदी फुले खळीने चिकटवितात. हे शब्द उच्चारिले मात्र, आत्यासाहेबांनी शिक्केकाकांकडे जी एक नजर टाकिली, ती आम्ही आमरण विसरणार नाही.

उजेड पोचला कसा नाही, हाच काय तो सवाल उरला. सरकारांनी पहिल्या काचेवर दाखविले की आजेसाहेबांच्या हातून एक रबरी नळी निघोन फरशीवरून कॅमेऱ्याकडे जाते. एरवी ते भिंगावरचे झाकण हाताने काढीत, मनात आकडे मोजीत, आणि झाकण परत लावीत. झाकण काढणे हेच त्यांचे फोटो काढणे. परंतु आपल्याच लग्नात नवरदेवाने स्वतः फोटोत उभे राहायचे होते आणि दुसऱ्याच्या हाती कॅमेरा देण्यास जीव होईना, म्हणोन रबरी फुगा दाबला की उघडझाप करणारे नवे यंत्र त्यांनी भिंगास जोडिले, आणि ऐटीत उभे राहिले, आणि फुगा दाबिला. इतके बोलोन सरकार थांबल्या. त्यांस पुढचे सुचले होते, पण ते वडीलधाऱ्यांचे तोंडून यावे ऐशी त्यांची मर्जी दिसली.

शिक्केकाका काचेकडे पाहात होते. मग अगदी हळू बोलू लागले. "दर वर्षी या तारखेला... आई बाबांना चहा द्यायची ना, त्या दिवशी बशीत कप नसायचा. कॅमेऱ्याचं झाकण असायचं. बाबा काही न बोलता ते खिशात घालायचे आणि त्यांचे कान लाल व्हायचे. मग दोघं हसत बसायची. मला वाटायचं, मोठ्यांचं काहीतरी असेल."

आत्यासाहेबांनी चेहरा अत्यंत गंभीर करोन विचारिले, "याचा काही कागद?"

काकासाहेब म्हणाले, "नाही गं. नुसतं आठवतंय."

आत्यासाहेब म्हणाल्या, "मग चालेल. मी मानलं."

आणि मग त्या कांदेबटाट्यांच्या खोलीत सर्वांस एकदमच उमगले, आणि काकू, सरकार, आम्ही, आणि स्वतः शिक्केकाका, सर्वांच्या तोंडून एकच गर्जना निघाली: झाकण! आजेसाहेबांनी आपल्याच लग्नाच्या दिवशी भिंगावरचे झाकण काढिले नव्हते. गावच्या साऱ्या नवरानवरींचे फोटो काढणाराचा स्वतःचा फोटो कोरा निघाला, आणि गिऱ्हाइकांस हे कळले तर दुकानाची अब्रू जाईल म्हणोन त्यांनी तोंड शिविले, आणि आजीसाहेबांनीही शिविले, परंतु त्यापुढे हयातभर, स्टुडिओत कोणाचाही फोटो निघू लागला की त्या माडीच्या जिन्यावरून विचारू लागल्या, झाकण काढलं का? मुलांनी ते उचलिले, नातवंडांनी उचलिले, आणि आम्ही तर लग्नाआधीच त्यापायी स्वयंपाकघराकडे धावलो. चौथ्या वर्षी जेव्हा पुन्हा फोटो निघाला तेव्हा पोर बाकाखालून रांगत पुढे आली, आणि काचा तेव्हा दुर्मिळ, पुन्हा फोटो घेणे नाही, सबब आजेसाहेबांनी पुठ्ठ्याची चौकट जरा मोठी कापोन थोरल्या लेकीस झाकोन टाकिले. मूठ तेवढी राहिली. ती त्यांस दिसली नाही की दिसूनही ठेविली, हे त्यांचे तेच जाणोत.

तहनामा लिहिताना किंचित चकमक झडली. काकासाहेबांचे म्हणणे पडले की ताई लग्नास नव्हे, लग्नाच्या फोटोस हजर होती, आणि नोंद म्हटली की नेमकी हवी. आत्यासाहेबांनी मोठ्या मनाने फर्माविले की हवा तर तो एक शब्द घाल, मी खोटी नव्हते एवढं पुरे. मग शिक्केकाकांनी नवी शाई भरोन, जीभ दातांत धरोन, वंशवृक्षावर स्वहस्ते लिहिले: आईवडिलांच्या लग्नाच्या फोटोस जातीने हजर. खाली शिक्का मारिला, आणि ओळ सरळ आली की नाही ते दोनदा पाहिले, आणि हात मोकळा होता म्हणोन आमच्या नावापुढेही शब्द वाढविले. पूर्वी तेथे नुसते जावई होते, आता जावई व खुर्च्या ऐसे आहे. मागल्या खोलीचा विषय कायमचा मिटला. आत्यासाहेबांनी आपण होऊन इतके कबूल केले की काकासाहेबांनी रोज संध्याकाळी माडीवर चहास यावे, आणि येतेवेळी शेगडीचे बटण पाहिले तरी त्यांस राग येणार नाही. ते पाहतात. त्या न पाहिल्यासारखे करितात.

जलशाच्या दिवशी सारे घराणे रंगीत पडद्यापुढे उभे राहिले, आणि खुर्च्या आम्ही मांडिल्या, आणि सरकार कॅमेऱ्यामागे गेल्या, आणि मग झाकणाची जी गर्जना उठली ती ऐकोन औषधांच्या दुकानातली माणसे बाहेर आली. सर्वांत मोठा आवाज शिक्केकाकांचा होता. डोळे पुसता पुसता ओरडत होते, आणि चष्म्यावर उजेड पडतो म्हणोन सांगत होते.

त्याउपरि फ्रेमवाल्याने जुनी चौकट टाकोन नवी कापिली, आणि फोटो पुरा उघडा करोन भिंतीस लाविला, आणि त्याच्या शेजारी, त्याच मापाच्या फ्रेमीत, ती कोरी काच लाविली, आणि तिच्याखाली काकासाहेबांच्या अक्षरात लग्न इतकाच शब्द व तारीख. लोक पांगल्यावर आत्यासाहेब एकट्याच तसबिरीपुढे उभ्या राहिल्या. आम्ही खुर्च्या मिटवीत होतो. इतकी वर्षे सारे म्हणत आले की नवरी लाजोन खाली पाहते. आता पोर दिसू लागली, तेव्हा नजर कोठे जाते तेही दिसू लागले.

आत्यासाहेब आमच्याकडे वळोन म्हणाल्या, "जावईबापू, बघा ना. माझ्याकडे बघून हसतेय."

आम्ही पाहिले. आजीसाहेब खरोखरीच त्या पोरीकडे पाहून हसत होत्या.

येणेप्रमाणे मूठ ही मूठच ठरली, नोंद शाबूत राहिली, आठवण शाबूत राहिली, माडीची किल्ली आत्यासाहेबांचे कमरेस कायम जाहली, आणि देठवाल्यांची पुरती शिकस्त होऊन ते सर्व मूठवाल्यांबरोबर चहास बसले. मोहीम फत्ते. आपला ताप उतरला की यावे. आपली खुर्ची मांडोन ठेविली आहे.